चेहऱ्याविना डोळे : एका फ्रेंच भयपटाचे रसग्रहण

(१)

‘मूकपट’, ‘बोलपट’ आणि ‘भयपट’ हे तीन सामासिक शब्द वरवर पाहता एकाच साच्यातून निघालेले वाटतात. तथापि त्यांतील शेवटचा शब्द पहिल्या दोहोंहून स्वभावतः भिन्न आहे. मूक असणे अथवा बोलणे हा चित्रपटाचा स्वतःचा धर्म होय. भय हा मात्र चित्रपटाचा धर्म नसून प्रेक्षकाच्या चित्तात उत्पन्न होणारा विकार आहे. एखाद्या कृतीला तिच्या परिणामावरून नाव दिले की तिची परीक्षाही त्या परिणामाच्या मापानेच होऊ लागते. भय किती वाटले, कोण दचकले, कोणास भोवळ आली, एवढ्यावरच तिचा निकाल लागतो; आणि ते भय कशापासून उत्पन्न झाले हा मूळ प्रश्न बाजूस पडतो. झोर्झ फ्रांजू या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘ले झ्यो सां व्हिझाज’, म्हणजे ‘चेहऱ्याविना डोळे’, या १९६० सालच्या चित्रपटाचा इतिहास हे या प्रकारच्या गैरसमजाचे ठळक उदाहरण आहे.

फ्रांजूने स्वतः या चित्रपटाला भयपट म्हणण्याचे टाळले. त्याच्या मते हा ‘आंग्वास’चा चित्रपट होता, ‘ऑरर’चा नव्हे. हे दोन फ्रेंच शब्द कोशात जवळजवळचे दिसले तरी त्यांचे कूळ भिन्न आहे, आणि ती दोन्ही कुळे संस्कृताच्या अभ्यासकास अपरिचित नाहीत. ‘ऑरर’च्या मुळाशी अंगावर केस ताठ उभे राहणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. संस्कृतातील ‘हृष्’ हा धातू त्याच आदिम मुळापासून आलेला असून ‘रोमहर्ष’ या शब्दात त्याचा मूळ अर्थ अद्याप टिकून आहे. ‘आंग्वास’च्या मुळाशी अरुंदपणा, कोंडी हा अर्थ आहे, वैदिक भाषेतील ‘अंहस्’ हा त्याचाच दूरचा आप्त होय. ‘अंहस्’ म्हणजे प्रथम कोंडी, मग संकट, आणि पुढे अभिजात संस्कृतात पाप. एक भय त्वचेवर उमटते व ओसरते. दुसरे छातीत कोंडते, आणि त्याचा माग काढीत गेल्यास तो पापापाशी पोहोचतो. फ्रांजूच्या चित्रपटाचे मर्म या भेदात आहे.

(२)

झां रदों याच्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. तिचे रूपांतर करणाऱ्यांत ब्वालो आणि नार्सझाक हे रहस्यकथालेखकांचे प्रसिद्ध जोडनाव होते. क्लूझो या दिग्दर्शकाचा १९५५ चा ‘ले द्याबोलीक’ आणि हिचकॉकचा १९५८ चा ‘व्हर्टिगो’ हे दोन्ही चित्रपट याच जोडीच्या कादंबऱ्यांवरून निघालेले आहेत. छायाचित्रण ऑयगेन शुफ्तान याचे; जर्मन मूकपटांच्या काळात, विशेषतः १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये, आरशांच्या साहाय्याने आभास निर्माण करण्याच्या त्याच्या युक्तीने नाव मिळविले होते. संगीत मॉरिस जार याचे आहे.

कथा थोडक्यात अशी. पॅरिसजवळच्या एका रुग्णालयाचा प्रमुख, डॉक्टर झेनेसिए, हा विख्यात शस्त्रवैद्य आहे. त्याच्याच बेदरकार मोटार चालविण्यामुळे झालेल्या अपघातात त्याची मुलगी क्रिस्तियान हिचा चेहरा नष्ट झाला आहे. केवळ डोळे शाबूत आहेत. तिला नवा चेहरा देण्यासाठी तो अन्य तरुणींना पळवून आणवितो व त्यांच्या चेहऱ्याची त्वचा काढून मुलीवर तिचे रोपण करू पाहतो. मुली हेरून आणण्याचे काम लुईझ करते. तिचा स्वतःचा चेहरा डॉक्टरनेच पूर्वी दुरुस्त केलेला असून गळ्यावरचा व्रण तिने मोत्यांच्या पट्ट्याखाली झाकला आहे. चित्रपटाच्या आरंभी लुईझ रात्रीच्या वेळी एक प्रेत नदीत टाकते. पुढे डॉक्टर ते आपल्या मुलीचे म्हणून ओळखतो आणि त्याचा दफनविधीही होतो. क्रिस्तियान या रीतीने कायद्याच्या दृष्टीने मृत ठरते आणि आरसे नसलेल्या घरात, पांढरा मुखवटा लावून, जिवंतपणी स्वतःच्याच मरणानंतरचे आयुष्य कंठू लागते.

एदना नावाच्या तरुणीचा चेहरा काढला जातो; ती खिडकीतून पडून मरते. क्रिस्तियानचा नवा चेहरा काही दिवस सुंदर दिसतो आणि मग शरीर त्या परक्या त्वचेचा त्याग करू लागते. फ्रांजूने हा ऱ्हास एकामागून एक स्थिर छायाचित्रांतून, वैद्यकीय टिपणाच्या कोरड्या सुरात दाखविला आहे. अखेरीस पुढची तरुणी शस्त्रक्रियेच्या मेजावर बांधलेली असता क्रिस्तियान तिला सोडविते, लुईझच्या गळ्यात शस्त्र खुपसते, प्रयोगांसाठी कोंडलेली कुत्री व कबुतरे मुक्त करते आणि मुखवट्यासह अंधाऱ्या झाडीत निघून जाते. मोकळी झालेली कुत्री डॉक्टरवर तुटून पडतात. त्याचाच चेहरा विदीर्ण होतो.

(३)

निर्माता ज्यूल बोरकों याने फ्रांजूस काही पथ्ये घालून दिली होती. फ्रान्समधील परिनिरीक्षकांसाठी रक्त नको, इंग्लंडसाठी प्राण्यांचा छळ नको, आणि जर्मनीसाठी वेडा शास्त्रज्ञ नको. या तिन्ही गोष्टींवरच कथा उभी असल्याने ही पथ्ये विनोदासारखी वाटतात. पण दिग्दर्शकाने त्यांतून वाट काढली. झेनेसिए हा वेडा नाही. तो शांत, कर्तव्यदक्ष, रुग्णांशी सौजन्याने वागणारा गृहस्थ आहे. याच सौजन्यामुळे तो अधिक असह्य होतो.

१९६० मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा फ्रान्समध्ये त्याचे स्वागत थंडपणे झाले. एडिंबरोच्या महोत्सवात काही प्रेक्षक मूर्च्छित पडल्याचे वृत्त पसरले आणि इंग्लंडमधील कित्येक समीक्षकांनी तिटकाऱ्याने लिहिले. १९४९ मध्ये पॅरिसच्या कत्तलखान्यांवर ‘ल सां दे बेत’ हा अनुबोधपट करून ज्याने कीर्ती मिळविली तो गंभीर दिग्दर्शक या हलक्या प्रकाराकडे का वळला, असा आक्षेपाचा सूर होता. १९६२ मध्ये अमेरिकेत हा चित्रपट इंग्रजी संवाद चढवून ‘द हॉरर चेंबर ऑफ डॉ. फाउस्टस’ या नावाने दाखविण्यात आला. त्यात फाउस्टस नावाचे पात्रच नाही. शस्त्रक्रियेच्या प्रसंगाला कात्री लागली हे समजण्यासारखे आहे. परंतु झेनेसिए आपल्या रुग्णालयातील लहान मुलाची मायेने विचारपूस करतो तो प्रसंगही गाळण्यात आला. ही दुसरी काटछाट विशेष अर्थपूर्ण आहे. राक्षसाला माया नसते. म्हणून ज्याला राक्षस करावयाचे त्याची माया आधी कापावी लागते. ‘भयपट’ या नावाच्या पेटीत बसविण्यासाठी चित्रपटाचे जे अंग तोडावे लागले तेच त्याचे हृदय होते.

पुढील पिढ्यांनी हा निकाल फिरविला. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला. कालांतराने अमेरिकेतही मूळ रूपात परतला. स्पॅनिश दिग्दर्शक आल्मोदोव्हार याच्या २०११ च्या ‘ला पिएल के आबितो’वर त्याची छाया स्पष्ट आहे, आणि क्रिस्तियानची भूमिका करणारी एदित स्कोब हिने २०१२ च्या ‘होली मोटर्स’मध्ये अखेरीस पुन्हा तसाच मुखवटा चढविला. हे पुनर्मूल्यमापन शक्य झाले ते मूळ चित्रपट जतन झाल्यामुळे. येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे : पॅरिसच्या ‘सिनेमाथेक फ्रांसेझ’ या चित्रपटसंग्रहाच्या १९३६ मधील संस्थापकांत आंरी लांग्ल्वा याच्याबरोबर स्वतः फ्रांजूही होता. महाराष्ट्रात या कार्याचा पाया पुण्यास १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या रूपाने घातला गेला. पोथी जपली गेली नाही तर पाठचिकित्सा संभवत नाही. चित्रपटाच्या बाबतीतही तेच खरे आहे.

(४)

भारतीय रसविचाराच्या अभ्यासकास या चित्रपटाने उपस्थित केलेला प्रश्न नवा वाटू नये. नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस मानले आहेत. एकाचा स्थायी भाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. रक्तमांसाच्या दर्शनाने चित्ताचा जो क्षोभ होतो तो बीभत्साच्या प्रांतातील होय. एडिंबरोत ज्यांना भोवळ आली त्यांनी अनुभवला तो बहुधा बीभत्स. आणि त्याच्या जोरावर त्यांनी भयानकाचा निवाडा केला.

याहून महत्त्वाचे म्हणजे भरताने भयानकाचेही तीन प्रकार सांगितले आहेत : सोंग अथवा बतावणीतून येणारा, अपराधातून येणारा, आणि प्रत्यक्ष त्रासाने, म्हणजे दचकविल्याने, उत्पन्न होणारा. भयपट म्हणून जे सामान्यतः ओळखले जाते त्याचा बहुतेक भाग या तिसऱ्या प्रकारात मोडतो. अंधारात अकस्मात उघडणारे दार, किंचाळी, मागून पडणारा हात ही त्याची साधने होत. फ्रांजूच्या चित्रपटात ओसाड घर आहे, अरण्य आहे, रात्र आहे. म्हणजे नाट्यशास्त्राने सांगितलेली भयाची नेहमीची स्थाने आहेत. परंतु दचकविणे मात्र जवळजवळ नाही. शस्त्रक्रियेचा प्रसंग संथपणे, संगीताचा आधार न घेता, पुरेशा प्रकाशात घडतो. डॉक्टर प्रथम चेहऱ्याभोवती एक रेषा आखतो, शस्त्र त्या रेषेवरून फिरते, आणि मग त्वचा उचलली जाते. अनपेक्षित असे काहीच नाही. काय होणार ते प्रेक्षकास ठाऊक असते, आणि ठाऊक असूनही ते थांबविता येत नाही.

हे भय अपराधजन्य आहे. झेनेसिएच्या प्रत्येक कृत्यामागे एक आद्य अपराध उभा आहे : मुलीचा चेहरा त्यानेच हिरावला आहे. तो तिच्यावर प्रेम करतो यात संशय नाही. पण त्या प्रेमात प्रायश्चित्त नसून दुरुस्ती आहे. अपराध कबूल करण्याऐवजी तो झाल्याची खूण पुसून टाकण्याचा त्याचा प्रयत्न आहे, आणि ती खूण पुसण्यासाठी दर वेळी नवा अपराध करावा लागतो. क्रिस्तियान या साखळीत बळी आहे आणि लाभार्थीही आहे. प्रेक्षकास जी घुसमट जाणवते ती तिच्या या दुहेरी स्थितीची होय. ‘अंहस्’ या शब्दात कोंडी आणि पाप हे दोन अर्थ एकत्र कसे नांदले याचे याहून समर्पक उदाहरण शोधणे कठीण आहे.

(५)

चेहऱ्यावर त्वचेचे रोपण करून गेलेले रूप परत आणणे ही कल्पना पाश्चात्य रजतपटावर जितकी विलक्षण भासते तितकी ती महाराष्ट्राच्या इतिहासात विलक्षण नाही. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळ घडलेल्या एका शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तान्त प्रसिद्ध झाला. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी, कागदपत्रांत ज्याचे नाव कावसजी असे आले आहे, तो १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्यांच्या जातीतील एका मनुष्याने त्यास नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया पाहिली, आणि त्या काळी पुण्यात असलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले.

वृत्तान्तात दिलेली कृती नेमकी आहे. मेणाची पातळ पाटी नाकाच्या अवशेषावर बसवून तिला नाकाचा आकार द्यावयाचा. मग ती सपाट करून कपाळावर ठेवावयाची आणि तिच्या कडेने रेषा आखावयाची. त्या रेषेवरून कपाळाची त्वचा सोडवावयाची, मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये तिचा एक अरुंद पट्टा जोडलेला ठेवावयाचा, म्हणजे रक्ताचा पुरवठा चालू राहतो. त्वचा खाली वळवून नाकाच्या जागी बसवावयाची. चिकटविण्यासाठी कात आणि काही दिवसांनी तुपात भिजविलेले फडके. सुमारे २५ व्या दिवशी तो जोडपट्टा कापावयाचा. हा वृत्तान्त वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने तयारी केली, १८१४ मध्ये त्या पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. युरोपातील आधुनिक रूपशल्याचा एक उगम तेथे आहे. त्या विटा पाडणाऱ्याचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

दोन्ही दृश्ये शेजारी ठेवून पाहावीत. पुण्याच्या क्रियेत रेषा आखली जाते. फ्रांजूच्या चित्रपटातही रेषा आखली जाते. दोन्हीकडे हात स्थिर आहे, कौशल्य असामान्य आहे. भेद एवढाच की पुण्यास रेषा रुग्णाच्या स्वतःच्या कपाळावर आखली गेली. झेनेसिए ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आखतो. एका रेषेच्या जागेत वैद्यक आणि अपराध यांतील सगळे अंतर सामावले आहे. आणि हे अंतर केवळ नैतिक नव्हे, शारीरही आहे. स्वतःची त्वचा स्वतःच्या देहात रुजते. परक्याची त्वचा देह नाकारतो. चित्रपटातील वैद्यकीय विधान म्हणूनच निव्वळ कल्पित नव्हे. परक्या ऊतींचा स्वीकार व अव्हेर यांविषयीच्या संशोधनासाठी बर्नेट आणि मेडावर यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेही १९६० सालीच. पुढे २००५ मध्ये, फ्रान्समध्येच आमिएँ येथे, एका स्त्रीच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच्या चेहऱ्याच्या काही भागाचे जगातील पहिले रोपण यशस्वी झाले. ते दात्याच्या मृत्यूनंतर व रीतसर संमतीने झाले. जे १९६० मध्ये असाध्य होते ते साध्य झाले. तरीही चित्रपट जुना झाला नाही. कारण त्यातील भय शस्त्रक्रिया फसण्याचे नव्हते. ती सफल झाली असती तरी ते उणावले नसते.

(६)

चित्रपटाच्या शीर्षकाकडे आता पुन्हा वळता येईल. फ्रेंच ‘व्हिझाज’ हा शब्द पाहणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आहे. म्हणजे चेहरा ही पाहिली जाणारी वस्तू. डोळे हे पाहणारे इंद्रिय. चेहऱ्याविना डोळे म्हणजे जी पाहते परंतु जिला कोणी पाहू शकत नाही ती व्यक्ती. मराठीत हाच अर्थ वाक्प्रचारांनी धरून ठेवला आहे. तोंड दाखविणे, तोंड लपविणे, तोंड न पाहणे या प्रयोगांत तोंड म्हणजे अवयव नव्हे. ते माणसाचे चारचौघांतील अस्तित्व होय. क्रिस्तियान आपल्या वाग्दत्त वरास दूरध्वनी करते आणि न बोलता त्याचा आवाज ऐकत राहते; तोंड दाखविण्याची सोय राहिली नाही ही स्थिती याहून हृदयद्रावक रीतीने क्वचितच चित्रित झाली असेल.

परभणी जिल्ह्यातील प्रेक्षकास या चित्रपटातील मुखवटा आणखी एका कारणाने विचारात पाडील. मराठवाड्यात भाद्रपदात घरोघर महालक्ष्म्या बसतात. उभ्या केलेल्या आकृतीस लुगडे नेसविले, दागिने घातले, तरी मुखवटा बसेपर्यंत ती केवळ मांडणी असते; मुखवटा बसला आणि आवाहन झाले की ज्येष्ठा व कनिष्ठा घरात आल्या असे मानले जाते. तीन दिवसांनी निरोप दिला की मुखवटे उतरवून पुढील वर्षासाठी जपून ठेवले जातात. या परंपरेत मुखवटा झाकत नाही, प्रकट करतो. एदित स्कोबचा मुखवटा याच्या उलट आहे. तो निर्दोष, गुळगुळीत, सुंदर आहे आणि त्यास कोणतेही आवाहन झालेले नाही. बापाने मुलीवर बसविलेला तो आपल्या इच्छेचा साचा आहे.

याच भूभागातील एक कथा येथे आठवते. नरसी हे नामदेवांचे गाव म्हणून मानले जाते. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात होते. नामदेवांपुढे एक अक्राळविक्राळ भूत उभे राहिले आणि त्यांनी त्यातही विठ्ठलच ओळखून त्याचे स्वागत केले, असे चरित्रपरंपरा सांगते. तेथे रूप भयंकर असून आत प्रिय आहे; ओळख पटताच भय विरते. फ्रांजूकडे रूप प्रिय असून त्याच्या पाठीमागे अपराध आहे; ओळख पटते तेव्हाच भय सुरू होते. दोन्हीकडे भयाचा निर्णय रूपावर होत नाही, ओळखीवर होतो.

(७)

या चित्रपटाच्या इतिहासातून निष्पन्न होणारी गोष्ट एका चित्रपटापुरती मर्यादित नाही. मराठीतही भयकथेस समीक्षेने दीर्घकाळ दुय्यम लेखले. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कथांना वाचक अमाप लाभले. त्या मानाने अभ्यासक थोडे लाभले. २०१८ च्या ‘तुंबाड’ या चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे हे कळल्यावर कित्येकांनी त्यांच्याकडे नव्याने पाहिले. त्या चित्रपटातील भयही पुष्कळ अंशी हावेचे, म्हणजे अपराधाचेच आहे. भयाच्या कृतीस केवळ तिच्या परिणामावरून जोखण्याची सवय सुटल्यास अशा साहित्याचे रसग्रहण अधिक न्याय्य होईल.

क्रिस्तियान अखेरीस कोणासही सूड म्हणून शासन करीत नाही; ती दारे उघडते. पिंजरे, साखळ्या आणि मेजावरचे पट्टे सुटतात, आणि कोंडलेले जे जे होते ते बाहेर पडते. तिचा चेहरा तिला परत मिळत नाही, मुखवटाही उतरत नाही. परंतु दुसऱ्याचा चेहरा घेण्यास ती प्रथमच नकार देते, आणि हा नकार हेच तिचे खरे रूप होय. रोमहर्ष क्षणभर टिकतो. या शेवटाने मन मोकळे होते ते कोंडी फुटल्यामुळे, आणि ही कोंडी कशाची होती हे प्रेक्षकास तोवर पुरते उमगलेले असते.